चतुःसीमा

रामटेकच्या तहसील कचेरीबाहेर बसून मी आयुष्यभर खरेदीखतं लिहिली. बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या पोराने दस्तलेखक व्हावं, याची खंत वडिलांना होती, मला नव्हती. प्रत्येक खतात चतुःसीमा लिहावी लागते: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस पांदण, दक्षिणेस तमक्याचा धुरा. क्षेत्रफळ चुकलं तरी शेत सापडतं, ते शेजारामुळे.

ही रीत आमच्याकडे दीड हजार वर्षांहून जुनी आहे. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटक राजांचं नंदिवर्धन. मुलगा दिवाकरसेन युवराज असताना राणी प्रभावतीगुप्तेने तिथून चनालस्वामी या आचार्यांना डंगुण गाव दान दिलं. तो ताम्रपट पुढे पुण्यात एका तांबटाकडे मिळाला. (वितळला नाही, हे आपलं नशीब.) गावाचा पत्ता असा: विलवणकाच्या पूर्वेला, शीर्षग्रामाच्या दक्षिणेला, कदापिंजनाच्या पश्चिमेला, सिदिविवरकाच्या उत्तरेला. आमचं खत शेतात उभं राहून शेजाऱ्यांकडे बघतं, हा पट शेजारच्या गावांतून डंगुणकडे बघतो. जोडणी तीच, अंतराचा आकडा मात्र एकही नाही.

इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींच्या 1963च्या वाकाटक लेखसंग्रहात डंगुण म्हणजे हिंगणघाट, विलवणक म्हणजे तिथली वणी, कदापिंजन म्हणजे कढाजन. मोठी वणी यवतमाळ जिल्ह्यात आहे. नुसत्या नावामागे लागलेला माणूस तिकडेच गेला असता.

1736 साली गणितज्ञ ऑयलरने कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं सोडवलं ते असंच, लांबी-रुंदी टाकून, काय कशाला जोडलंय एवढंच ठेवून. यालाच पुढे ग्राफ थिअरी म्हणू लागले. 1847त भौतिकशास्त्रज्ञ किर्चहॉफने हीच रीत विजेच्या तारांना लावली, 1934त मानसोपचारतज्ज्ञ मोरेनोने मुलामुलींच्या मैत्रीला. म्हणून वाकाटकांना ग्राफ थिअरी येत होती असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका. ताम्रपट लिहिणाऱ्याला सिद्धान्त मांडायचा नव्हता, तंटा टाळायचा होता.

नकाशाला मात्र नुसता शेजार पुरत नाही. इंग्रज सर्वेक्षक लॅम्ब्टनने 1802त मद्रासकडून सुरू केलेल्या त्रिकोणांच्या जाळ्यात कोन मोजलेले होते. 1823त तो वारला, तेही हिंगणघाटलाच.

घरात मालगुजारीच्या काळातली खतं असतील, तर रद्दीत घालण्याआधी त्यांतल्या चतुःसीमा तेवढ्या उतरवून ठेवा.