शांतिसेनेची दिवाळी

आमच्या बेळगावात मराठा सेंटरच्या बिगुलावर घड्याळ लावणारी माणसं होती. पलटणीतला कुणी नाही अशी गल्ली विरळाच. त्यामुळे 1987 च्या श्रावणात ‘आपली फौज लंकेला निघाली’ ही बातमी पेपरात येण्याआधी नळावर आली.

आमच्या शेजारच्या अक्कांचे यजमान हवालदार. ‘जंगी पलटण’, म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फंट्री, जाफन्याला गेली त्यात तेही होते. अक्का निर्धास्त होत्या. लढाईला कुठं जायलेत? शांतिसेना आहे, शांती करून येतील. नावच तसं होतं, आम्हा सगळ्यांचाच त्यावर विश्वास बसला.

29 जुलैला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. तमिळ बंडखोरांनी हत्यारं खाली ठेवायची, लंकेच्या सैन्यानं छावणीत परतायचं, तमिळ भागाला थोडे अधिकार मिळायचे आणि मध्ये भारतीय फौज उभी राहायची. पण ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्या एलटीटीईची त्या कागदावर सही नव्हती. घरच्या भांडणात दोन वडीलधारे आपसात ठरवतात आणि भांडणाऱ्या पोराला विचारतच नाहीत, तसलं ते. शिवाय लंकेतल्या सिंहली लोकांनाही परकी फौज नको होती. दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेल.

जाफन्यात मात्र बायकांनी आपल्या जवानांना हार घातले होते. दोन महिने तरी तसं चाललं. सप्टेंबरात तिलीपन नावाच्या एलटीटीईच्या तरुणानं पाण्याचा थेंबही न घेता उपोषण केलं आणि 26 तारखेला प्राण सोडला. आपल्याकडे उपासाची महती कुणाला सांगायला नको, पण हा उपास आत्मशुद्धीचा नव्हता. भारतानं शब्द पाळावा म्हणून होता, आणि त्यानं जाफन्याचं मन भारतावरून उडालं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एलटीटीईच्या पकडलेल्या बारा जणांनी सायनाइड खाल्लं. 10 तारखेला आपल्या फौजेची ‘ऑपरेशन पवन’ नावाची चढाई सुरू झाली. 12 च्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांपैकी एकच जिवंत राहिला, तोही कैदी म्हणून.

त्या दिवसांत अक्का एकदा ओट्यावर येऊन म्हणाल्या, “शांती करायला गेलेत म्हणे. मग तारा कशाला येतात गं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिकडची दीपावली नरक चतुर्दशीची. त्या साली ती 21 ऑक्टोबरला होती. त्या दिवशी आपले सैनिक गोळ्या झाडत जाफन्याच्या मोठ्या दवाखान्यात शिरले. आतून गोळीबार झाला असं सैन्याचं म्हणणं. वाचलेले कर्मचारी सांगतात, बंदूकवाले तोवर निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लहान मुलांचे एक डॉक्टर नर्सांना घेऊन हात वर करून बाहेर आले, आम्ही दवाखान्यातली माणसं आहोत असं ओरडत. त्यांनाही गोळी लागली. डॉक्टर, नर्सा, कामगार, रुग्ण मिळून साठ-सत्तर जीव गेले. आणि त्याच सकाळी, अमावास्येला, मी बस्तीत महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवत होते. तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. पुष्कळ वर्षांनी तारखा जुळवून पाहिल्या आणि लाडवाचं ताट डोळ्यांसमोर आलं.

हे लिहिताना मी जवानांना दोष देत नाही बरं. बहुतेकांना ना ती भाषा येत होती, ना शत्रू ओळखू येत होता. एक महिन्यानं 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागूनही लढले आणि गेले. मुंबईत जन्मलेले, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेले. पण त्यांचं शौर्य सांगायचं आणि त्या नर्सा गाळायच्या, असा इतिहास मला लिहिता येत नाही.

डॉ. रजनी तिरणगम यांनी काहीच गाळलं नाही. जाफना विद्यापीठात शरीरशास्त्र शिकवणारी दोन मुलींची आई. भारतीय फौज, लंकेचं सरकार, एलटीटीई, सगळ्यांचे अत्याचार तिनं सोबत्यांबरोबर लिहून काढले, बायकांवरचे विशेष करून. 21 सप्टेंबर 1989 ला ती सायकलवरून घरी येत असताना घराजवळच तिला गोळ्या घातल्या.

24 मार्च 1990 ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली. हजाराहून जास्त जवान परत आले नाहीत. मद्रासला फौजेच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. पुढं कोलंबोजवळ, ज्या देशानं ‘आता जा’ म्हटलं होतं त्यानंच, आपल्या जवानांच्या नावांचं स्मारक उभारलं.

अक्कांचे यजमान परत आले. लंकेबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त रस्त्यानं चालताना नजर खाली ठेवून, एकेक पाऊल बघून टाकायचे, अगदी आमच्या गल्लीतसुद्धा. आणि दिवाळीत पोरांनी फटाके लावले की अक्का दार लावून घ्यायच्या.