वजन कमी करायचे आहे? आधी दिवसभरातील पेयांचा हिशेब मांडा

"डॉक्टर, मी खरंच फार खात नाही. भात सोडला, रात्री एकच पोळी खातो, तरी वजन हलत नाही." दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. मग विचारावे लागते, "पिता काय?" यावर रुग्ण क्षणभर गोंधळतो, कारण प्रश्न दारूबद्दल आहे असे त्याला वाटते. शेजारी बसलेली पत्नी मात्र लगेच सांगते, "चहा मोजतच नाहीत ते."

आपण खाल्लेले लक्षात ठेवतो, प्यायलेले नाही. उपवासाच्या दिवशीसुद्धा चहा 'चालतो'. म्हणून आहारात मोठे बदल करण्याआधी पेयांकडे पाहणे सोपे आणि फायद्याचे असते.

पातळ कॅलरींनी पोट का भरत नाही?

घन पदार्थ चावावा लागतो, तो पोटात जास्त वेळ राहतो आणि भूक भागल्याचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो. गोड पाणी झटकन पुढे सरकते. २००० साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास याबाबत बोलका आहे. त्यात १५ जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरी साखरेच्या गोळ्यांतून आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरी गोड सोड्यातून दिल्या. गोळ्या खाताना लोकांचे इतर खाणे आपोआप कमी झाले. सोडा पिताना ते कमी झाले नाही आणि वजन वाढले. साखर तेवढीच होती, फक्त ती पातळ होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. ५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास उत्तम. प्रौढ व्यक्तीसाठी हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, अर्थात पाच-सहा चमचे.

सुरुवात चहापासून

वजनाचा विषय निघाला की सगळे कोल्ड्रिंकला दोष देतात. तो दोष योग्यच आहे. पण मध्यमवयीन मराठी माणूस रोज कोल्ड्रिंक पीत नाही, चहा मात्र रोज पितो. माझ्या मते आपल्याकडे पहिली दुरुस्ती चहाची असावी.

हिशेब करून पाहू. उठल्यावर एक, नाश्त्याबरोबर एक, कामावर दोन, संध्याकाळी घरी एक, असे पाच कप धरा. प्रत्येकात दोन चमचे साखर. सपाट चमचा सुमारे ४ ग्रॅमचा, शिगोशीग भरला तर ६ चा, म्हणून सरासरी ५ धरू. दिवसाची साखर झाली ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी. प्रत्येक कपात ६० मिली फुल क्रीम दूध असेल तर ३०० मिली दुधाच्या साधारण २६० कॅलरी. एकूण ४६०. म्हणजे चार पोळ्यांच्या आसपास, आणि त्यासोबतची खारी-बिस्किटे अजून मोजलेलीच नाहीत.

आता हेच तीन कप, अर्धा चमचा साखर आणि टोन्ड दूध असे केले तर बेरीज १३५ च्या जवळ येते. रोज सुमारे ३२५ कॅलरी वाचल्या. कागदावर यातून महिन्याला सव्वा किलो चरबी घटायला हवी. प्रत्यक्षात घट कमी होते, कारण शरीर काटकसर करायला लागते आणि आपणही नकळत दुसरे काहीतरी खातो. तरीही जेवणाच्या ताटाला हात न लावता मिळणारी ही बचत लहान नाही.

हे घरात कसे जमवायचे? बहुतेक घरांत साखर पातेल्यातच पडते, त्यामुळे कोणाच्या वाट्याला किती आली हे कळत नाही. चहा सगळ्यांचाच बिनसाखरेचा उकळा आणि ज्याला हवी त्याने साखर आपल्या कपात मोजून घालावी. एवढ्या एका सवयीने घरातल्या मधुमेही व्यक्तीला 'वेगळा' चहा करण्याची वेळही येत नाही. साखर एकदम बंद करू नका, चौथ्या दिवशी मन बंड करते. दर दहा दिवसांनी पाव चमचा कमी करा. जीभ हळूहळू सरावते आणि काही आठवड्यांनी पूर्वीचाच चहा पाकासारखा लागतो.

दुधाच्या पिशवीवरचे शब्दही वाचा. फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५. घरी म्हशीचे दूध येत असेल तर तापवून, गार करून साय काढा. (त्याच सायीचे तूप करून पोळीवर ओतणार असाल तर हिशेब जिथल्या तिथे राहतो.)

टपरीवर साखर आधीच घातलेली असते. तिथे कोरा चहा मिळाला तर उत्तम, नाहीतर कटिंग घ्या आणि दोनवर थांबा. पाहुणचाराचा प्रश्न खरा अवघड आहे. "अर्धा कप, बिनसाखरेचा" असे आधीच सांगितले तर कोणी दुखावत नाही. "नको" म्हटले की आग्रह होतो आणि शेवटी पूर्ण कप हातात येतो.

गुळाच्या चहाबद्दल रोज विचारणा होते. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी असतात, गुळात ३८० च्या आसपास. वजनासाठी आणि रक्तातील साखरेसाठी दोन्ही जवळजवळ सारखेच. मधाचेही तसेच.

कोल्ड्रिंक, रस आणि 'हेल्थ ड्रिंक'

कोलाच्या ३३० मिली कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सात चमचे. बाटलीवरचे आकडे बहुधा १०० मिलीचे असतात, इथेच फसायला होते. लेबलवर ११ ग्रॅम दिसले आणि बाटली ६०० मिलीची असेल, तर पोटात ६६ ग्रॅम जातात.

मुलांच्या बाबतीत पुरावा चांगला आहे. नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांना १८ महिने रोज २५० मिली पेय देण्यात आले, काहींना साखरेचे, काहींना बिनसाखरेचे. साखरेचे पेय पिणाऱ्या मुलांचे वजन सरासरी एक किलोने जास्त वाढले. रोजचा फरक होता फक्त एका पेल्याचा.

फळांचा रस हा फळाचा पर्याय नाही. एक पेला रसासाठी तीन-चार संत्री लागतात. त्यातला चोथा फेकला जातो आणि साखर राहते. तीन संत्री सोलून खायला वेळ लागतो, पोटही भरते. 'नो अॅडेड शुगर' म्हणजे 'साखर नाही' असे नव्हे. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींचेही तेच. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री संकेतस्थळांना अशी उत्पादने 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितले, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. मुलाला साधे दूध द्या.

डाएट कोला किंवा गोडव्याच्या गोळ्या? वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडव्यावर भिस्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही. रोज कोल्ड्रिंक पिणाऱ्याला सुटका म्हणून काही महिने डाएट पेय चालेल. लहान मुलांना नको.

मग प्यायचे काय?

पाणी. जेवणाआधी अर्ध्या तासाने दोन पेले पाणी पिण्याची सवय उपयोगी पडते. कमी कॅलरींचा आहार घेणाऱ्या मध्यमवयीन व वृद्ध लोकांमध्ये १२ आठवड्यांच्या एका अभ्यासात यामुळे सुमारे दोन किलो जास्त वजन कमी झाले.

पाण्यानंतर माझी पसंती पातळ ताकाला. लोणी काढलेले, भरपूर पाणी घातलेले, जिरे-कोथिंबीर घातलेले. रक्तदाब असेल तर मीठ जपून. कोकम सरबतात फरक ओळखा. बाजारातले तयार सिरप म्हणजे मुख्यतः साखरेचा पाक असतो. कोकणातून आगळ आणा, त्यात पाणी आणि जिरेपूड घाला. आगळात मीठ असतेच, वरून घालू नका. सोलकढी चविष्ट असली तरी तिच्यात नारळाचे दूध आहे, तेव्हा एक वाटी पुरे. पन्हे, उसाचा रस, लस्सी हे कधीतरी. पीयूष आणि मस्तानी यांना पेय न म्हणता गोड पदार्थ म्हणा, आणि त्या दिवशी जेवणातले दुसरे गोड सोडा.

कोमट पाणी-मध-लिंबू, जिऱ्याचे पाणी, ग्रीन टी यांनी चरबी वितळत नाही. साखरेच्या चहाऐवजी ग्रीन टी घेतला तर फायदा होतो, पण तो वगळलेल्या साखरेचा. चहा कोणताही असो, रक्तक्षय असेल किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर गोळी आणि जेवणापासून तासभर दूर ठेवा.

मद्याबद्दल थोडक्यात. ६० मिली व्हिस्कीत साधारण १४० कॅलरी, बिअरच्या मोठ्या बाटलीत २५० ते ३००. त्यात कोल्ड्रिंक मिसळले आणि सोबत चकली-शेंगदाणे आले की रात्रीच्या जेवणाएवढी भर पडते, आणि जेवण तर व्हायचेच असते.

आधी डॉक्टरांना विचारायलाच हवे असे प्रसंग

इन्सुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर पेयांतली साखर घटवताना रक्तातील साखर जास्त वेळा तपासा. डोस कमी करावा लागू शकतो. घाम, थरथर, चक्कर, गोंधळ अशी लक्षणे दिसली तर वजनाचा विचार बाजूला ठेवून लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. रुग्ण नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालयात न्या. या औषधांवर असताना उपाशीपोटी मद्य विशेष धोक्याचे आहे.

मूत्रपिंडाचा जुना आजार, हृदयाची कमजोरी किंवा यकृताचा गंभीर आजार असेल तर 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला तुमच्यासाठी नाही. पाण्याचे प्रमाण डॉक्टर ठरवतील. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळेही विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि ते रक्तात वाढले तर हृदयाची लय बिघडते.

वजनासाठी सकाळी दुधी भोपळ्याचा रस पिणारे बरेच आहेत. दुधीचा तुकडा आधी चाखून पाहा. कडू लागला तर तो दुधी टाकून द्या. रस कडू लागला तर पहिलाच घोट थुंका, 'औषध कडूच असते' म्हणून गिळू नका. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावली आहेत. त्यावर उतारा नाही. उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

आणि कोणतेही प्रयत्न न करता वजन उतरत असेल, सारखी तहान लागून वारंवार लघवीला जावे लागत असेल, तर आनंद मानू नका. थंड गोड पेयाने ती तहान भागवण्याआधी रक्तातील साखर तपासून घ्या.