सणाच्या पानांतील श्वानाचा वांटा

पानावर बसण्यापूर्वीं अन्नाचा अंश श्वानासाठीं काढून ठेवावा, ही चाल हिंदु गृहस्थधर्मांत फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत श्वान, पतित, चांडाळ, रोगी, कावळे व कृमि यांच्यासाठीं भूमीवर हळूच अन्न ठेवावें, असें सांगितलें आहे. पशुपक्ष्यांच्या पंक्तींत माणसेंहि बसविलीं गेलीं, हें वाचतांना मान खालीं जाते; तथापि कुत्र्याचा वांटा तेथें नेमून दिलेला होता, हेंहि खरें. श्राद्धांत गाय व कावळा यांच्याबरोबर श्वानबलि असतो तो निराळाच.

नेपाळांत हा वांटा सणाच्या थाटानें मिळतो. महाराष्ट्रांत नरकचतुर्दशीची धामधूम असते, सामान्यतः त्याच दिवशीं तेथें कुकुर तिहार होतो. पाळलेल्या व रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या गळ्यांत झेंडूची माळ व कपाळीं टिळा येतो, आणि पुढें खाद्य मांडलें जातें.

माणसाच्या ताटांतील अन्न कुत्र्याला मानवूं लागलें, त्याचें कारण त्याच्या देहांतच सांपडतें. २०१३ सालीं स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, पिष्टमय अन्न पचविणाऱ्या पाचकरसाच्या जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत चारापासून तीसपर्यंत. शेतकऱ्याच्या उंबरठ्याशीं राहून लांडग्याचा वंशज भाकरी पचवूं लागला. मात्र भाकरी पचली म्हणून पक्वान्नहि पचेल, हा समज घातक आहे. वैश्वदेवाचा बलि साध्या भाताचा असे. आजच्या सणाच्या ताटांत कांदा, बेदाणे व चॉकोलेटहि असतें.

कांद्यानें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. अमेरिकेंत हा पांडुरोग १९३० सालींच नोंदला गेला. शिजविल्यानें वा तळल्यानें तो दोष जात नाहीं. चॉकोलेटांतील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरांतून फार सावकाश बाहेर पडतें व हृदयाला बाधतें. द्राक्षांचें कोडें मात्र अगदीं अलीकडचें. द्राक्षें व बेदाणे खाऊन कुत्र्यांचीं मूत्रपिंडें निकामी होतात, हें अमेरिकेंतील पशुवैद्यांच्या ध्यानांत या शतकाच्या आरंभीं आलें. कारण सुचलें तें २०२१ सालीं. टार्टरिक आम्लाचा क्षार घातलेली, मुलांच्या खेळण्याची घरगुती कणीक खाल्लेल्या कुत्र्यांतहि तींच लक्षणें दिसलीं, आणि संशय द्राक्षांतील त्याच आम्लावर गेला. तें चिंचेंतहि विपुल असतें. म्हणजे चिंचगुळाची आमटीहि संशयास्पद ठरली. किती बेदाण्यांनीं अपाय होईल, हें आधीं सांगतां येत नाहीं. यास्तव खाल्ल्याचें कळतांच, लक्षणांची वाट न पाहतां, पशुवैद्यास गांठावें लागतें.

संत नामदेवांची भाकरी कुत्र्यानें पळविली, तेव्हां ते तुपाची वाटी घेऊन त्यामागें धांवले, अशी कथा घरोघर सांगतात. कथा भक्तीची आहे, पथ्याची नव्हे. तुपाच्या अतिरेकानें कुत्र्याच्या स्वादुपिंडास सूज येऊं शकते. फोडणी पडण्यापूर्वीं काढलेला भात व उकडलेला लाल भोपळा, मीठमसाला न घालतां, नरकचतुर्दशीलाहि त्याला पुरतो.