देवाची शस्त्रसामग्री आणि मगनवाडीचा हिशेबनीस

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने आम्हाला दारातच गाठलं. म्हणाला, "सर, लढाई आत्मिक आहे आणि बळ देवाचं आहे, असं मानलं तर मग आपण करायचं तरी काय?" प्रश्न साधा वाटतो, पण आम्ही उभी हयात तत्त्वज्ञान शिकवलं तरी त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता आलं नाही. आज ते इतिहासाच्या वाटेने शोधू. वाट लांबची नाही, आपल्या वर्ध्याचीच आहे.

आधी मूळ वचनाकडे जाऊ. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात देवाची शस्त्रसामग्री धारण करायला सांगितलं आहे. परंपरा सांगते की पौलाने हे पत्र कैदेतून लिहिलं. पत्रातही तो स्वतःला बेड्यांतला राजदूत म्हणवतो. आता बघा, कमरबंद, उरस्त्राण, जोडे, ढाल, शिरस्त्राण आणि तलवार, अशा सहा वस्तू तो मोजतो. त्यांतल्या पाच अंग राखण्यासाठी आहेत. वार करणारी एकच, आणि ती म्हणजे देवाचं वचन. आज्ञाही चढाई करण्याची नाही, टिकून उभं राहण्याची आहे. शिवाय झुंज रक्तमांसाच्या माणसाशी नाही, हे त्याने आधीच स्पष्ट केलं आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. यशया संदेष्ट्याच्या ५९व्या अध्यायात नीतिमत्त्वाचं उरस्त्राण आणि तारणाचं शिरस्त्राण खुद्द देवच घालतो. म्हणजे पौल आपल्याला देवाच्या अंगावरचं चिलखत घालायला सांगतो आहे. ते आपल्या मापाचं नाही. ते घालायचं तर आपला राग, आपला लोभ आधी उतरवून ठेवावा लागतो. नाहीतर ते अंगात शिरायचंच नाही!

आता वर्ध्याला येऊ. जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस यांचा जन्म १८९२ साली तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला ते हिशेब तपासण्याचं शास्त्र शिकले, मुंबईत व्यवसाय केला, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले. १९२९ साली साबरमतीला गांधीजींची भेट झाली आणि सुटाबुटातला हा गृहस्थ खादीत आला. घराण्याचं जुनं नाव त्यांनी पुन्हा घेतलं. तेच आपले जे. सी. कुमारप्पा.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ हे त्यांचे विषय. त्यांचे धाकटे बंधू भरतन हेही इथे कामाला आले. रामानुजांच्या ईश्वरकल्पनेवर ग्रंथ लिहिणारा हा विद्वान ग्रामोद्योगाच्या कामात रमला. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना खाली मान घालायला लावणारीच गोष्ट ही.

कोणी म्हणेल, यात आत्मिक युद्ध कुठे आलं? कुमारप्पांचं उत्तर असं की ख्रिस्ताच्या शिकवणीचा कस रविवारच्या उपासनेत लागत नाही, तो रोजच्या देवघेवीत लागतो. १९३० साली सत्याग्रहींवर लाठ्या पडत होत्या. तेव्हा त्यांनी कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन वेस्टकॉट यांच्याशी पत्रव्यवहार केला. बिशपांना कायदेभंग पसंत नव्हता. कुमारप्पांचं म्हणणं, अहिंसा ही तर ख्रिस्ताची शिकवण, मग ख्रिस्ती माणूस लाठीच्या बाजूने कसा? सत्ता, साम्राज्य आणि स्वतःच्या धर्मसंस्थेचे धुरीण समोर असताना हा माणूस एकटा उभा राहिला. पण बिशपांचा द्वेष हे काही त्यांचं हत्यार नव्हतं.

पुढे १९४२ च्या आंदोलनात ते तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या आचार-विचारांवर, दुसरं चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या मांडल्या आहेत. परोपजीवी, लुटारू अशा खालच्या पायऱ्यांवरून माणसाने सेवेच्या पायरीपर्यंत चढायचं. आम्हाला वाटतं, ही दोन पुस्तकं एकाच लढाईची आहेत. लोभ ओळखायचा बाजारात, आणि त्याला हरवायचं मात्र आपल्या आत.

इथे एक सावधगिरी. कुमारप्पा तापट होते. त्यांच्या जवळच्यांनीच हे सांगून ठेवलं आहे. विश्वासाने त्यांचा स्वभाव एका रात्रीत बदलला नाही. म्हणूनच त्यांचं उदाहरण आम्ही घेतलं. ज्याला आपल्यातली खोट ठाऊक असते, त्यालाच उसन्या बळाची गरज कळते. आपल्याच ताकदीची ज्याला खात्री आहे, तो प्रार्थना कशाला करील? तुकोबांनाही मनाशी अशीच अखंड झुंज द्यावी लागली, आणि तेही बळासाठी विठ्ठलाकडेच वळले.

स्वराज्य आल्यावर अनेक जण खुर्चीकडे गेले. कुमारप्पा आपल्याच जिल्ह्यातल्या सेलडोहला गेले आणि तिथे पन्नई आश्रमात शेतीचे प्रयोग करू लागले. ३० जानेवारी १९६० रोजी मद्रासला त्यांचं निधन झालं. तो गांधीजींच्या हौतात्म्याचाच दिवस.

तर त्या तरुणाला आमचं उत्तर असं. देवावर विसंबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. आपल्या वाट्याचं काम हातात धरायचं आणि निकालाचा हट्ट सोडायचा. आजकाल आत्मिक युद्धाचं नाव घेऊन शेजाऱ्यालाच शत्रू ठरवणारी भाषा आपल्या कानांवर येते, कधी आपल्या तोंडीही येते. तेव्हा पत्रातली ती अट आठवावी, रक्तमांसाच्या माणसाशी ही झुंज नाही. समोरच्याचा द्वेष वाढतो आहे असं जाणवलं, तर समजावं की आपण आपलंच जुनं चिलखत पुन्हा अंगावर चढवलं आहे.

वर्ध्याला आलात तर मगनवाडीत जरूर जा. तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन १९३८ साली गांधीजींनी केलं. तिथे तुम्हाला तलवार दिसणार नाही, चरखे दिसतील. आमच्या मते ते शस्त्रागारच आहे.