सांगावं की झाकावं?

अमरावतीकरांना तपोवन ठाऊक नाही असं होत नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे सगळ्यांचे दाजीसाहेब, यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी ही वसाहत उभी केली. सेवेचं मोठं काम म्हणून आपण तिचं नाव घेतो. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. तपोवनात काम करणाऱ्याला आपला आजार लपवावा लागत नव्हता.

बाहेर तो लपवण्याला कारण होतं. ब्रिटिश अमदानीतला १८९८चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा जिथे लागू होई, तिथे अशा रुग्णाला विक्रीसाठी खाद्यपदार्थ करायला किंवा भाड्याची गाडी हाकायला सरकार बंदी घालू शकत असे. आजार कळला की पोटाचं साधन गेलं. मग माणूस अंगावरचा चट्टा झाकत राही आणि उपचाराची वेळ निघून जाई. १९८०नंतर नव्या औषधांनी हा आजार पुरता बरा होऊ लागला, तरी तो कायदा पुस्तकातून जायला २०१६ उजाडलं.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा असा रोग नव्हे. संसर्गाचा तर प्रश्नच नाही; ती मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. पण नोकरीच्या दारात प्रश्न तोच उभा राहतो. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या अकरा मुलांबद्दल लिहिलं, त्यांतला पहिला डोनाल्ड ट्रिप्लेट. तो पुढे आपल्या गावच्या बँकेत कित्येक दशकं कामाला होता. बँकेत घरच्यांची भागी होती, गाव त्याला लहानपणापासून ओळखत होतं. त्याला वेगळं काही सांगावंच लागलं नसणार.

आपल्याकडे १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत कुष्ठरोगमुक्त व्यक्ती होत्या, स्वमग्न नव्हत्या. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात त्या आल्या, पण त्याचा भर पालकत्वावर आणि सांभाळावर. नोकरीचं दार उघडलं ते २०१६च्या कायद्यानं. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार झाले, सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव जागा आल्या. त्यांतल्या १ टक्क्यात स्वमग्नांचा इतरांबरोबर वाटा आहे. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे तिथे सांगणं आलंच. खाजगी नोकरीत निदान सांगितलंच पाहिजे, असं हा कायदा म्हणत नाही. तिथे निर्णय ज्याचा त्याचा.

माझ्या भाच्याचं निदान त्याच्या चोविसाव्या वर्षी झालं. अकोल्यात एका ठिकाणी हिशेबाच्या कामाला लागायचं होतं. बहीण म्हणाली, “कायले सांगतं बाप्पा? पोट्ट्याची नोकरी जाईन.” तिची भीती मला खोटी म्हणवेना, आपल्या मुलखाचा इतिहास तिच्याच बाजूनं बोलतो. पण न सांगण्यालाही किंमत असते. गोंगाटात त्याला सुचत नाही, तोंडी चार कामं एकदम सांगितली की गोंधळतो. कारण माहीत नसलं की लोक त्याला घुम्या म्हणतात, गर्विष्ठ म्हणतात.

शेवटी त्यानंच ठरवलं. निदानाचं नाव घेतलं नाही. वरिष्ठांना एवढंच सांगितलं, “काम कागदावर लिहून द्या, कोपऱ्यातलं टेबल द्या, आकडा चुकणार नाही.” पुढे ओळख झाल्यावर नाव सांगायचं का, ते तोच बघेल. सगळ्यांना हीच वाट जमेल असं मी म्हणणार नाही.

मालकांना मात्र एक सांगावंसं वाटतं. समोरच्यानं खरं बोलावं असं वाटत असेल, तर मुलाखतीतच विचारा, “तुम्हाला काम नीट करायला काय लागेल?” हा प्रश्न सगळ्यांनाच विचारला, तर कोणाला पहिल्या दिवशी आपलं निदान पुढे करावं लागणार नाही. दाजीसाहेबांना त्यासाठी वेगळी वसाहत वसवावी लागली. आपल्याला एवढा एक प्रश्न विचारायचा आहे.