तलवार, तंबोरा आणि एक चुकलेले साल

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या वाचनालयातील व्याख्यानमालेत मी मिरजेच्या तंतुवाद्यांवर बोललो होतो. मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षे कारकुनी करता करता रविवारी आणि रजेच्या दिवशी जुनी पुस्तके, गॅझेटियर, संस्थानी कागद वाचण्याचा नाद लागला, एवढीच माझी पात्रता. त्या दिवशी मी सांगितले की, १८७८ साली इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा आणला, मिरजेतल्या शिकलगारांचे तलवारींचे काम बसले आणि त्याच हातांनी तंबोरे, सतारी घडवायला सुरुवात केली. वाक्य जमून आले होते. टाळ्याही पडल्या.

पुढच्याच उन्हाळ्यात थोरल्या बहिणीचा तंबोरा घेऊन मिरजेला गेलो. तो आमच्या घरात चाळीस वर्षे आहे. त्याचा आवाज बसला होता. तार छेडली की नुसता टणत्कार यायचा, मागे गुंजन उरत नव्हते. तंतुवाद्यांच्या गल्लीतल्या एका जुन्या कारागिरांनी तो उलटासुलटा करून पाहिला. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागलो. काम चालू असताना मी माझी विद्वत्ता त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी मान वर न करताच विचारले, “साहेब, तुमचा कायदा कोणत्या साली आला म्हणालात?”

“अठराशे अठ्ठ्याहत्तर.”

“आणि फरीदसाहेबांनी पयला तंबोरा केला तो अठराशे पन्नासच्या आसपास म्हणतात आमच्यात. मग कायदा यायच्या आधीच त्यांना कसं कळलं?”

मी गप्प बसलो. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. माझी चूक जाहीरपणे झाली होती, तेव्हा दुरुस्तीही जाहीरपणे व्हावी.

चूक एकच नव्हती, दोन होत्या. पहिली सालाची. मिरजेच्या परंपरेत फरीदसाहेबांचे नाव आद्य सतारमेकर म्हणून घेतले जाते आणि त्यांचा काळ १८५० च्या सुमाराचा सांगितला जातो. हे साल पाचेक वर्षे इकडेतिकडे झाले, तरी ते १८५७ नंतरच्या निःशस्त्रीकरणाच्याही अलीकडे येत नाही, मग १८७८ तर दूरच. दुसरी चूक हद्दीची. मिरज हा पटवर्धनांचा संस्थानी मुलूख होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानांत आपसूक लागू होत नसे. एवढी साधी गोष्ट मला सुचायला हवी होती.

मग शिकलगारांचे काम गेले कशाने? माझ्या मते त्याचे साल १८१८ आहे. आदिलशाहीपासून मिरजेचा किल्ला मोक्याचा. पुढे पेशवाईत पटवर्धन सरदार झाले आणि हैदर, टिपू, निजाम यांच्यावरच्या स्वाऱ्यांत त्यांच्या पथकांनी भाग घेतला. जिथे घोडदळ असते तिथे तलवारी घासणारे, धार लावणारे, मुठी बसवणारे असतातच. शिकलगार या शब्दामागे ‘सैकल’ हा अरबी शब्द आहे. सैकल म्हणजे घासून चकाकी आणणे. १८१८ साली पेशवाई बुडाली. पटवर्धनांचा मुलूख राहिला, पण लढाया संपल्या. तलवार दसऱ्याला पूजेसाठी बाहेर निघू लागली. पूजेच्या तलवारीला वर्षातून एकदा तेल पुरते, शिकलगार लागत नाही. म्हणजे धंदा मोडला तो कुणा साहेबाच्या सहीने एका दिवसात नव्हे. तो तीसेक वर्षे हळूहळू आटत गेला. कायद्याची तारीख कागदावर सापडते, आटण्याची सापडत नाही, म्हणून आपण तारीख असलेल्या गोष्टीला कारण समजून बसतो.

परंपरा पुढे असे सांगते की, संस्थानच्या आश्रयाला येणाऱ्या गवयांची वाद्ये आधी इथे दुरुस्तीला आली आणि दुरुस्ती करता करता कारागिरांनी नवे वाद्य घडवले. मला हे पटते. कोणताही हुन्नर परका माणूस शिकतो तो बहुधा मोडलेली वस्तू उघडूनच. मात्र इथे आणखी एक घोटाळा टाळायला हवा. मिरजेचे संगीत म्हटले की आपल्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांच्याकडे मिरजेत शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर आणि मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ आठवतात. ही सगळी मंडळी फरीदसाहेबांच्या नंतरची. पलुस्करांनी मिरज सोडली १८९६ मध्ये आणि लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले १९०१ मध्ये. खाँसाहेबांचा जन्मच १८७२ चा. १९३७ मध्ये ते गेले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. या लोकांनी मिरजेच्या वाद्यांना गिऱ्हाईक दिले, नाव दिले. दरबारापुरते असलेले गाणे शाळेत आणि घराघरांत गेले, तेव्हा तंबोऱ्याची मागणी वाढली. पण धंद्याची सुरुवात त्यांच्यामुळे झाली नाही.

यानंतर खरा प्रश्न उरतो. तंबोऱ्याची दांडी लाकडाची, तबली लाकडाची. मग हे काम सुताराकडे न जाता शिकलगाराकडे का गेले? याचे उत्तर मला कागदात मिळाले नाही. ते चाचांच्या हातात दिसले.

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे, कडू जातीचा. पंढरपूर, मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठाने तो पिकवतात. वेलावर पूर्ण जून होऊ द्यायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा, पाण्यात भिजवून कापायचा, आतला गर नि बिया काढून पुन्हा वाळवायचा. त्यावर गळा, दांडी, तबली, खुंट्या, नक्षी. इथवरचे काम कुशल सुतारालाही जमेल. पण तबलीवर जी घोडी बसते, जिच्या रुंद पाठीवरून तारा जातात, तिथे सुतार थांबतो. ही पाठ सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला एक अगदी पुसट उतार असतो. तार त्या उताराला कुठे टेकते आणि कुठे सुटते यावर आवाज अवलंबून. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून जागा साधली की, एकाच तारेतून स्वरांचे मोहोळ उठते. यालाच जवारी म्हणतात. तारांच्या घर्षणाने घोडीला खाचा पडतात आणि जवारी उतरते. मग ती पुन्हा घासून काढावी लागते. आमच्या तंबोऱ्याचे दुखणे तेच होते.

चाचा कानशीने एक-दोन हात मारायचे, तार चढवायचे, ऐकायचे, तार उतरवायचे, पुन्हा एक हात. मोजायला पट्टी नाही, माप नाही. दुपार सरली तेव्हा चारपैकी दोन तारा बोलू लागल्या होत्या. ते पाहताना लक्षात आले की, हे लाकडाचे काम नव्हे, हे धारेचे काम आहे. कठीण पृष्ठभागाला केसभराचा उतार देणे आणि तो डोळ्यांपेक्षा बोटांनी ओळखणे, हेच शिकलगार पिढ्यान्‌पिढ्या पोलादावर करत आले होते. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण चाचांना तो सांगितला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

या उताराने एका मोठ्या शास्त्रज्ञालाही थांबवले होते. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या आपल्या निबंधात दाखवले की, तंबोरा आणि वीणा हा नियम जुमानत नाहीत. जे उपस्वर येऊ नयेत तेही जोरकस ऐकू येतात. कारण अर्थात घोडीचा तो रुंद, वक्र माथा. नियम मोडण्याची ही युक्ती आपल्या कारागिरांनी नुसत्या कानाने साधली होती.

तलवार गेल्यावर हात कुठे जातात, हा प्रश्न मिरजेपुरता नाही. जपानात मार्च १८७६ मध्ये मेजी सरकारने सामान्य सामुराईंना कमरेला तलवार लावायला बंदी केली. तिथे मात्र हुकूम आणि परिणाम यांची तारीख खरोखरच जवळ आहे. तलवारींच्या मुठींवर, चकत्यांवर सोन्याचांदीचे काम करणारे कारागीर परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या आणि शोभेच्या वस्तू करू लागले. त्यांच्यातल्या कानो नात्सुओ यांच्याकडे तर मेजी सरकारने नव्या नाण्यांच्या नक्षीचे काम सोपवले होते. लोहारांनी सुऱ्या, कात्र्या, विळे धरले. साकाई आणि सेकी या गावांच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आज जगभर जातात. म्हणजे जपानी लोहाराने धार सोडली नाही, धारेचे काम बदलले. मिरजेच्या शिकलगाराने पोलाद सोडले आणि धारेची नजर तेवढी बरोबर नेली.

पण फरक पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात तलवारी घडवणेच काही वर्षे बंद होते. ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा सरकारने अटी घातल्या. परवान्यासाठी उस्तादाकडे किमान पाच वर्षे उमेदवारी हवी, आणि एका लोहाराने महिन्याला दोनपेक्षा अधिक लांब तलवारी करायच्या नाहीत. हे वाचून मी चकित झालो. घाईने हलका माल निघू नये म्हणून तिथे वेळेलाच कायद्याचे कुंपण घातले आहे.

आपल्याकडे २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे. आता दुसऱ्या गावचा माल मिरजेचा म्हणून विकता येणार नाही. पण मानांकन नावाचे रक्षण करते, वेळेचे करत नाही. बटण दाबले की वाजणारा तंबोरा चार दशकांपूर्वीच आला आणि आता तो फोनमध्येही आहे. तो सुरात असतो, प्रवासाला सोयीचा असतो. मी त्याला नावे ठेवणार नाही. बहीणही सकाळी तोच लावते. मात्र त्यामुळे घरातला लाकडी तंबोरा कोपऱ्यात उभा राहतो, त्याची जवारी उतरलेली कुणाला कळत नाही, आणि जवारी लावणाऱ्याला काम उरत नाही. तिकडे भीमाकाठच्या शेतकऱ्याला उसाचे पैसे दिसत असताना त्याने भोपळा का लावावा? पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाने हे विचारावे, यातला विरोध मला कळतो.

चाचांना मी विचारले होते की, मुलगा हे शिकतो का. ते म्हणाले, “वाद्य करायला शिकला. जवारीला बसत नाही. दिवसभर बसून किती घ्यायचे गिऱ्हाइकाकडून, हे त्याला मागता येत नाही.”

माझ्या चुकीचा धडा इथेच आहे असे मला वाटते. शिकलगारी कायद्याने मेली नाही. लोकांनी तलवार पूजेत ठेवली, तेव्हा ती आटली. तंबोराही बंदीने जाणार नाही. आपण तो कोपऱ्यात ठेवून दसऱ्याला हळदकुंकू वाहत राहिलो, तर तोही तसाच आटेल, आणि शंभर वर्षांनी कुणी हौशी अभ्यासक त्याच्यासाठी एखादे सोयीचे साल शोधून काढील.

आठ दिवसांनी तंबोरा घरी आला. बहिणीने तारा छेडल्या आणि बराच वेळ काही गायलीच नाही, नुसती ऐकत बसली. वाचनालयाला मी दुरुस्तीचे पत्र पाठवले आहे. आणि दर दोन वर्षांनी तंबोरा मिरजेला न्यायचा, चाचा सांगतील त्याहून थोडे अधिक द्यायचे, असे आम्ही दोघा भावंडांनी ठरवले आहे.