बाउले मुखवटे

पश्चिम आफ्रिकेतील कोत दीव्हार (आयव्हरी कोस्ट) या देशाच्या मध्यभागी राहणाऱ्या बाउले लोकांचे लाकडात कोरलेले नृत्यमुखवटे. बांदामा व न्झी या नद्यांमधील सवाना प्रदेश आणि त्याच्या दक्षिणेस लागून असलेली वनभूमी हा बाउलेंचा मुलूख असून बुआके, साकासू, तूमोदी व यामूसूक्रो ही त्यातील प्रसिद्ध स्थळे होत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून यूरोपीय संग्राहकांनी आफ्रिकी शिल्पकलेचे जे मानदंड ठरविले, त्यांत बाउले मुखवट्यांना अग्रस्थान मिळाले. तुळतुळीत पृष्ठभाग, कमानदार भुवया, लांब व सरळ नाक, अर्धवट मिटलेले नेत्र आणि बारकाईने कोरलेली केशरचना ही त्यांची लक्षणे सर्वपरिचित आहेत. या ख्यातीबरोबर दोन समजही रूढ झाले : हे मुखवटे अतिप्राचीन आहेत, हा एक, आणि लाकडी चेहरा म्हणजेच संपूर्ण कलाकृती, हा दुसरा. इतिहासाच्या कसोटीस यांपैकी एकही उतरत नाही.

बाउले हे भाषेने व समाजरचनेने आकान समूहातील लोक. त्यांच्या परंपरेनुसार अठराव्या शतकात अशांटी राज्यात वारसाहक्कावरून कलह झाला आणि आब्ला पोकू ही राजकुलातील स्त्री आपल्या अनुयायांसह पश्चिमेकडे निघाली. कोमोए नदी ओलांडण्यासाठी तिला स्वतःच्या मुलाचा बळी द्यावा लागला व त्या प्रसंगावरून लोकांना ‘बाउले’ हे नाव पडले, अशी कथा आहे. हे स्थलांतर एका नेतृत्वाखाली एकाच वेळी झाले नसावे, आकान गट वेगवेगळ्या काळी आले व तेथील मूळ रहिवाशांशी मिसळून बाउले समाज घडला, असे आधुनिक इतिहासकार मानतात. मुखवट्यांच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. सोन्याचा पत्रा मढविलेल्या तलवारींच्या मुठी, चवऱ्या, सोने तोलण्याची पितळी वजने या वस्तू बाउलेंनी आकान वारशातून आणल्या, हे उघड दिसते. पण अशांटींमध्ये मुखवटानृत्याची परंपरा नाही. तेव्हा मुखवटे पूर्वेकडून आलेले नव्हेत. ते नव्या भूमीत, नव्या शेजाऱ्यांकडून घेतलेले आहेत. पश्चिमेकडील गुरो व वान आणि उत्तरेकडील सेनुफो हे ते शेजारी. गुरो आणि बाउले मुखवट्यांत कित्येकदा इतके साम्य असते की, एखादा नमुना कोणाचा, याविषयी तज्ज्ञांतही मतभेद होतात.

बाउलेंनी हे ऋण कधी लपविले नाही. अमुक नृत्य अमुक गावाहून आणले, असे ते सहज सांगतात. ‘परंपरागत’ या विशेषणाने जे अचल व अनादी असे काही आपल्यासमोर उभे राहते, ते येथे लागू पडत नाही. नृत्ये येत, लोकप्रिय होत, जुनी पडत आणि मागे सरत. यांतील तीन प्रकार विशेष उल्लेखनीय आहेत, पण त्यांचे सामाजिक मोल मुळीच सारखे नाही.

सर्वांत प्रबळ मानले जाणारे मुखवटे ‘बोनू आमुइन’ म्हणजे रानातील देवतांचे. रानरेडा व हरिण यांची शिंगे आणि दातांनी भरलेला लांब जबडा असलेले हे शिरस्त्राणासारखे मुखवटे गावाबाहेर, रानालगत ठेवीत. गावावर संकट आले, एखादा प्रतिष्ठित पुरुष मरण पावला किंवा गंभीर अपराध घडला, म्हणजे ते बाहेर काढले जात. स्त्रियांनी ते पाहणे सर्वथा निषिद्ध असे. याला तोल म्हणून स्त्रियांचाही एक विधी होता. घोर आपत्तीच्या वेळी स्त्रिया विवस्त्र होऊन ‘आज्यानू’ नावाचे नृत्य करीत आणि ते पुरुषांनी पाहावयाचे नसे. तो विधी मुखवट्यांच्या विधीहून अधिक सामर्थ्यशाली समजला जाई. बोनू आमुइनांवर बळीच्या रक्ताची पुटे चढलेली असत. संग्राहकांना ते ओबडधोबड वाटले आणि कलाविषयक ग्रंथांत त्यांना बराच काळ दुय्यम स्थान मिळाले.

याउलट ‘म्ब्लो’ (काही भागांत ‘ग्बाग्बा’) हे करमणुकीचे नृत्य होय. स्त्री-पुरुष, मुले, पाहुणे अशा सर्वांसमोर, दिवसाउजेडी ते होई. आरंभी प्राण्यांची व विनोदी सोंगे येत आणि शेवटी सर्वांत निष्णात नर्तक माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे घालून उतरत. हे मुखवटे गावातील खऱ्या, ओळखीच्या व्यक्तींचे, बहुधा रूपाबद्दल किंवा नृत्यकौशल्याबद्दल नावाजलेल्या स्त्रियांचे असत. नर्तक मात्र नेहमी पुरुषच. मुखवट्याला त्या व्यक्तीचा ‘न्दोमा’, म्हणजे प्रतिरूप, म्हणत. नृत्याच्या वेळी ती व्यक्ती स्वतः पुढे येऊन आपल्या प्रतिरूपासमवेत नाचे. तिच्या पश्चात तिचा एखादा आप्त ते काम करी. मुखवटा तडकला वा जीर्ण झाला, तर तसाच दुसरा कोरून घेत.

या मुखवट्यांत छायाचित्रासारखे साधर्म्य शोधू नये. उंच कपाळ विवेकाचे, खाली वळलेली दृष्टी विनयाचे, नितळ कांती आरोग्याचे लक्षण. गालांवरील व कपाळावरील गोंदणव्रण हे सुसंस्कृत माणसाचे चिन्ह. व्यक्तीची ओळख केशरचनेवरून, गोंदणव्रणांच्या मांडणीवरून आणि सर्वांना ठाऊक असलेल्या नावावरून पटे. डोक्यावर कोरलेले पक्षी, शिंगे यांना बहुधा गूढ अर्थ नसून ती केवळ शोभा असते. यूरोपीय लेखकांनी त्यांत प्रतीके शोधण्यात बरेच श्रम खर्च केले. न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात जुळ्या चेहऱ्यांचा एक मुखवटा आहे. त्यातील एक चेहरा तांबूस व दुसरा काळा असून जुळी मुले शुभ मानण्याच्या बाउले समजुतीशी तो सुसंगत आहे.

म्ब्लो मुखवट्यांपैकी एकाची हकीकत संशोधकांना विशेष बोधप्रद वाटते. कामी या गावी ओवी किमू या शिल्पकाराने सु. १९१३ मध्ये मोया यान्सो या तरुण स्त्रीचा मुखवटा कोरला. अमेरिकन कलेतिहासकार सूझन व्होगेल यांनी १९७१ मध्ये वृद्ध मोया यान्सो हिचे त्या मुखवट्यासह छायाचित्र घेतले. शिल्पकाराचे नाव आणि जिचे ते प्रतिरूप तिचे नाव अशी दोन्ही नावे ज्ञात असलेली ही थोड्या उदाहरणांपैकी एक होय. जगभरच्या संग्रहालयांत अशा मुखवट्यांखाली ‘अनामिक कारागीर’ असे लिहिलेले असते. वास्तविक शिल्पकार अनामिक नव्हता. वस्तू नेताना त्याचे नाव विचारले गेले नाही, एवढेच.

कोरीव काम ही सेनुफोंप्रमाणे एखाद्या विशिष्ट जातीची वृत्ती नव्हती. आवड व हातोटी असलेला कोणीही पुरुष ते शिके. शेती सांभाळून तो शिल्पे करी आणि कीर्ती पसरली की दूरच्या गावांहून त्याला मागणी येई. वाकसाने लाकडाचा ओबड आकार काढावयाचा, सुरीने तपशील कोरावयाचे आणि खरखरीत पानांनी घासून पृष्ठभाग गुळगुळीत करावयाचा, अशी साधारण पद्धत होती. नंतर वनस्पतिजन्य रंग देत. जर्मन अभ्यासक हान्स हिमेलहेबर यांनी १९३३ मध्ये या प्रदेशात येऊन शिल्पकारांना त्यांच्या कामाविषयी व सौंदर्यकल्पनांविषयी प्रत्यक्ष प्रश्न विचारले आणि त्यावरील ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. आफ्रिकी शिल्पकाराला स्वतःचे मत असते, हे गृहीत धरणाऱ्या आरंभीच्या लेखकांपैकी ते एक होत.

तिसरा प्रकार ‘गोली’ हा आज बाउलेंची ओळख बनला आहे. तथापि तोच सर्वांत अर्वाचीन आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो वान लोकांकडून घेतला गेला. हा काळ बाउलेंच्या दृष्टीने अत्यंत कठीण होता. १८९३ मध्ये फ्रेंचांनी आयव्हरी कोस्ट ही वसाहत स्थापन केली, बाउलेंनी सु. १९११ पर्यंत प्रतिकार केला. १९०८ मध्ये आलेला गव्हर्नर गाब्रीएल आंगूलव्हां याने शस्त्रे काढून घेणे, डोईपट्टी, वेठबिगार आणि विखुरलेल्या वस्त्या मोडून गावे एकत्र करणे असे कठोर उपाय योजले. अशा उलथापालथीत गोली गावोगाव पसरले आणि बहुसंख्य ठिकाणी त्याने म्ब्लोची जागा घेतली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध कितपत आहे, हे ठामपणे सांगणे धाडसाचे ठरेल. पण दुसऱ्याकडून घेतलेले नवे नृत्य ऐन पडत्या काळात एवढे आपलेसे व्हावे, यावरून या समाजाची मोडून पडण्याऐवजी नवे उचलण्याची वृत्ती दिसते.

गोली हा दिवसभर चालणारा सोहळा असून त्यात मुखवट्यांच्या चार जोड्या ठराविक क्रमाने येतात. प्रथम ‘क्प्ले क्प्ले’ : सपाट तबकडीसारखा चेहरा, गोल डोळे, आयताकार तोंड व वर वळलेली शिंगे, जोडीतील एक बहुधा तांबडा, दुसरा काळा. रेषांच्या काटकसरीमुळे आधुनिक चित्रकारांना भुरळ घालणारा हा मुखवटा प्रत्यक्षात क्रमाने सर्वांत कनिष्ठ असून त्याचे नृत्य तरुण पोरे करतात. त्यानंतर ‘गोली ग्लिन’ हा हरिणाची शिंगे व सुसरीसारखा जबडा असलेला भव्य शिरोमुखवटा, मग ‘क्पान प्रे’ हा शिंगे असलेला लहान चेहरा आणि अखेरीस शेंडीदार केशरचनेचा मानवी मुखवटा ‘क्पान’. कनिष्ठाकडून ज्येष्ठाकडे, पुरुषतत्त्वाकडून स्त्रीतत्त्वाकडे आणि रानाकडून गावाकडे अशी ही चढती मांडणी आहे. रॅफिया ताडाच्या तंतूंचा घोळदार वेष, पाठीवर कातडे, भोपळ्यांच्या खुळखुळ्यांचा ठेका, गाणी आणि ताडाची दारू यांवाचून गोली होत नाही. प्रतिष्ठितांच्या अंत्यविधीस, सणास व पाहुण्यांच्या स्वागतास ते करतात. मराठीत ‘सोंग’ हा शब्द चेहरा, वेष, चाल व भूमिका या सर्वांना मिळून वापरतात. बाउलेंच्या कल्पनेस ‘मुखवटा’ या शब्दापेक्षा तोच अधिक जवळचा आहे.

यूरोपात पोहोचला तो मात्र केवळ लाकडी चेहरा. प्रशासक मॉरिस दलाफॉस याने बाउले मूर्तींवर १९०० मध्ये लेख लिहिला, पण त्यात त्याने प्राचीन ईजिप्तचा प्रभाव शोधला. एवढे सुघड काम स्थानिक प्रतिभेचे असू शकेल, हे त्या काळी पटत नव्हते. पुढे पॅरिसमधील विक्रेत्यांनी मुखवट्यांची तंतुवस्त्रे काढून टाकली व अनेकदा पृष्ठभागास नवी झिलई दिली. आमेदेओ मोदील्यानी याच्या १९११–१३ च्या सुमारास घडविलेल्या लंबवर्तुळाकार दगडी शीर्षांचे बाउले व गुरो मुखवट्यांशी असलेले नाते समीक्षकांनी वारंवार दाखविले आहे. १९२६ मध्ये मॅन रे याने घेतलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रात बाउले धाटणीचा काळा मुखवटा एका गौर स्त्रीच्या मुखाशेजारी दिसतो. निश्चल, एकाकी व मूक असे बाउले मुखवट्याचे जे रूप आज सर्वांच्या मनात आहे, ते बव्हंशी अशा चित्रांनी घडविले.

याविरुद्ध सर्वांत साधार आक्षेप व्होगेल यांनी घेतला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बाउले कलेवरील ग्रंथात त्यांनी दाखविले की, बाउले भाषेत ‘कला’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द नाही आणि पाहणे ही त्या समाजात साधी क्रिया नाही. काही वस्तू खुशाल पाहाव्या, काहींकडे ओझरते पाहून दृष्टी वळवावी, काही मुळीच पाहू नयेत. वस्तू जितकी सामर्थ्यवान, तितकी ती कमी पाहावयाची. संग्रहालयाच्या काचेआड तीव्र प्रकाशात ठेवलेला बोनू आमुइन हा या नियमाचा पूर्ण व्यत्यास होय. संग्रहालयांनी मोठा मान दिला, तो प्रामुख्याने करमणुकीच्या मुखवट्यांना; बाउलेंना ज्यांचे भय व भरवसा वाटे, ते मागे राहिले.

१९६० मध्ये देश स्वतंत्र झाला. पहिले राष्ट्राध्यक्ष फेलिक्स ऊफ्वे-ब्वान्यी हे स्वतः बाउले होते. ते मृत्यूपर्यंत (१९९३) अधिकारावर राहिले. या काळात गोली राष्ट्रीय समारंभांतही दिसू लागले. दुसरीकडे पर्यटकांसाठी व निर्यातीसाठी मुखवटे करण्याचा धंदा वाढला. धूर, माती व तेल यांनी जुनेपण आणलेले नमुने बाजारात येऊ लागले. २०११ च्या राजकीय संघर्षात आबीजान येथील राष्ट्रीय संग्रहालयातून अनेक मौल्यवान वस्तू लुटल्या गेल्या. शेजारच्या गुरो लोकांच्या ‘झाउली’ या मुखवटानृत्यास २०१७ मध्ये यूनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तेथे नोंद झाली ती लाकडाची नव्हे, तर संगीतासह नृत्याची.